समुद्रातलं गवत म्हणजे शेवाळच ना?

मिरजकर: रामेश्वरला किनाऱ्यावर हिरव्या पट्ट्यांचे ढीग वाहून आलेले. हुबेहूब आमच्या कृष्णेतलं पाणगवत! नावाडी मोडक्या हिंदीत म्हणाला, ही समुद्री गाईची वैरण. थट्टा केली काय?

कराडचा मास्तर: थट्टा नाही हो. ती गाय म्हणजे डुगाँग, समुद्रात राहणारा मोठा सस्तन प्राणी, दिवसाला ३०-४० किलो चरते. आणि हे शेवाळ नव्हे. मुळं, फुलं, बिया सगळं असतं. परागकणसुद्धा पाण्यातूनच जातात. तामिळनाडू आणि श्रीलंकेमधल्या पाल्कच्या उपसागरात २०२२ साली डुगाँगसाठी ४४८ चौरस किलोमीटर राखून ठेवलंय.

तासगावचा बागायतदार: उपटलं तर पुन्हा लावता येतं? आमची द्राक्षं लावतो तसं?

कराडचा मास्तर: येतं की. बांबूच्या चौकटीवर काथ्याची दोरी ताणायची, तिला कोंब बांधायचे, चौकट तळाशी सोडायची. पण वरून ट्रॉलरचं, म्हणजे मासेमारीच्या यांत्रिक बोटीचं, तळ खरवडणारं जाळं फिरलं की मेहनत शब्दशः पाण्यात.