मदत हवी आहे: पलटणीतला दोस्त मुंबई बघायला येतोय, पण ‘पाय दुखतोय’ असं म्हणणार नाही

जय हिंद मंडळी,

जानेवारीत माझा पलटणीतला दोस्त साताऱ्याहून डोंबिवलीला माझ्याकडे येतोय. दोघंही मराठा लाइट इन्फंट्रीचे, बेळगावला ट्रेनिंग एकत्र. त्याची उभी नोकरी डोंगरात आणि वाळवंटात गेली. समुद्र पाहिला तो रेल्वेच्या खिडकीतून, तेवढाच. ‘थंडीत ये, ऊन लागत नाही’ म्हणालो तर फोनवर हसत सुटला. द्रासला रात्रीचा पहारा दिलेल्या माणसापुढे मुंबईच्या 18 अंशांना थंडी म्हणायचं म्हणजे जरा अतिच.

त्याचा डावा पाय गुडघ्याखाली कृत्रिम आहे, पुण्याच्या कृत्रिम अवयव केंद्रात बसवलेला. सपाटीवर माझ्यापुढे चालतो. त्रास होतो तो पायऱ्या उतरताना आणि फार वेळ उभं राहिल्यावर. पण बोलणार नाही. मागे एका लग्नात दिवसभर उभा होता, रात्री मोजा काढला तेव्हा रक्त दिसलं. दिव्यांग डब्यात बस म्हटलं तर तसाच साताऱ्याला परत जाईल.

बेत असा: फास्ट लोकलने सीएसएमटी, गेटवे, लाँचने घारापुरी, संध्याकाळी मरीन ड्राइव्ह. गेटवे दाखवायचंच. 28 फेब्रुवारी 1948 ला शेवटची इंग्रज पलटण इथूनच बोटीवर चढली, आणि तीही लाइट इन्फंट्रीच, सॉमरसेटची!

बसायच्या जागा सुचवा. पण मुद्दाम बसवलंय असं त्याला वाटता कामा नये. आणि घारापुरी झेपेल का? रविवार बघतोय.

प्रतिसाद 1
काका, रविवार नको. मेन लाइनला मेगाब्लॉक असतो, आणि जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी मॅरेथॉनमुळे सीएसएमटीपासूनच रस्ते बंद. सोमवारी लेणी बंद. मंगळवार ते शुक्रवारमधला एखादा दिवस धरा.
घारापुरीला शंभराहून जास्त पायऱ्या आहेत. डोलीवाले मिळतात, पण तुमचे दोस्त डोलीत बसतील असं वाटत नाही. त्याआधी गेटवेच्या ओल्या पायऱ्या उतरून हलत्या लाँचमध्ये पाय टाकायचा, तेच खरं अवघड.
त्यापेक्षा भाऊच्या धक्क्याहून मांडव्याची रो-रो धरा. गाड्या नेणारी मोठी बोट, रॅम्पवरून चढायचं. तासभर समुद्र, तोही बसून.

प्रतिसाद 2
ओव्हल मैदानाच्या कडेला क्रिकेट बघत थांबा, कोणीही बसतंच. पुढे इराण्याकडे चहा आणि ब्रून मस्का, तिथे अर्धा तास सहज जातो. कुलाब्याचं अफगाण चर्चही दाखवा. पहिल्या अफगाण युद्धात पडलेल्या सैनिकांच्या स्मरणार्थ बांधलेलं, 1858 चं. आत बाकांवर बसूनच भिंतीवरच्या शिळा वाचायच्या.
आणि काही सुचलं नाही तर ‘माझाच गुडघा दुखतोय’ म्हणा.

धागाकर्ता
घारापुरी रद्द, रो-रो पक्की. बुधवार ठरवतो. दोघांचेही आभार.
गुडघ्याचं नाटक करावं लागणार नाही, तो खरंच दुखतो. दोन वर्षं झाली. फक्त हे त्याला अजून सांगितलेलं नाही.