मदत हवी आहे: हळदीने बोटांचे ठसे उठवायचेत

लेक नववीत आहे, शनिवारी शाळेचं विज्ञान प्रदर्शन. विषय: ठशांवरून चोर कसा सापडतो. जगातलं पहिलं ठसे कार्यालय १८९७ साली कोलकात्यात निघालं, ही माहिती तिनेच शोधली.

आम्ही सांगलीकर, म्हणून पावडरऐवजी हळद! स्टीलच्या पेल्यावर भुरभुरवून मेकअपच्या ब्रशने हलकेच झटकली, तर अंगठ्याचं चक्र लख्ख उमटलं. (बायकोचा ब्रश पिवळाधमक झालाय, ते वेगळंच प्रकरण.) पण सेलोटेपने उचलायला गेलो की सगळं फिसकटतं. टेप कुठली घ्यावी? खाली काळा कार्डशीट चालेल का?

कागदावरच्या ठशासाठी सरांनी निनहायड्रिन सुचवलंय, घामातल्या अमिनो आम्लांमुळे ठसा जांभळा होतो म्हणे. सांगली-मिरजेत थोडंसं सुटं कुठे मिळेल? आणि पोरांच्या हातात देण्यासारखं आहे का ते?