‘कर्करोगजन्य’, ‘कर्करोगजनक’ आणि ‘कर्करोगकारक’

विचारणा

विद्यापीठांतील संशोधनविभागांची परिचयपत्रके मराठीत आणताना ‘कर्करोगजन्य रसायने’ हा शब्दप्रयोग वारंवार समोर येतो, आणि वृत्तपत्रांतही तो चांगलाच रुळलेला दिसतो. काही लेखक ‘कर्करोगजनक’ लिहितात, तर काही ‘कर्करोगकारक’. या तिन्हींत अर्थभेद आहे काय, आणि शास्त्रीय लेखनात कोणता शब्द घ्यावा? शिवाय, रसायनांचा पेशीतील रेणूंवर होणारा अपाय अभ्यासणाऱ्या शाखेला ‘आण्विक विषविज्ञान’ म्हणावे की ‘रेणवीय विषशास्त्र’, याचाही जाणकारांनी खुलासा करावा.

उत्तर

दुसरा प्रश्न लवकर सुटण्याजोगा आहे, म्हणून तो आधी घेतो. ‘आण्विक विषविज्ञान’ हा हिंदीतून आलेला शब्द आहे. हिंदीत ‘परमाणु’ आणि ‘अणु’ अशी जोडी आहे, तर मराठीत त्याच जागी ‘अणू’ आणि ‘रेणू’ आहेत. त्यामुळे हिंदीतला ‘आणविक’ जसाच्या तसा उचलला, तर मराठी वाचकाच्या मनात अणुभट्टी आणि किरणोत्सर्ग उभे राहतात. ‘रेणवीय’ हेच योग्य. ‘विषशास्त्र’ आणि ‘विषविज्ञान’ यांत मात्र डावे-उजवे करण्याचे कारण नाही. जो शब्द घ्याल तो शेवटपर्यंत पाळा.

आता मूळ प्रश्न. ‘कर्करोगजन्य रसायन’ हा प्रयोग या अर्थाने सरळसरळ चुकीचा आहे. ‘जन्य’ म्हणजे ‘-पासून उत्पन्न झालेले’: जलजन्य आजार पाण्यातून येतात, संसर्गजन्य रोग संसर्गातून होतात आणि कर्करोगजन्य वेदना कर्करोगामुळे होतात. या न्यायाने ‘कर्करोगजन्य रसायन’ म्हणजे कर्करोगाने निर्माण केलेले रसायन. तशी रसायने खरोखरच असतात, कारण काही गाठी संप्रेरकांसारखे पदार्थ रक्तात सोडतात. तेव्हा हा केवळ व्याकरणाचा काथ्याकूट नसून या शब्दाने कार्य आणि कारण यांची अदलाबदल होते.

‘जनक’ आणि ‘कारक’ हे दोन्ही शब्द व्याकरणदृष्ट्या शुद्ध आहेत, तरी माझे मत ‘कारक’ला आहे, आणि त्यामागचे कारण या शाखेच्या इतिहासातच सापडते. लंडनमधील शल्यविशारद पर्सिव्हल पॉट यांनी १७७५ मध्ये धुरांडी साफ करणाऱ्यांच्या अंडकोशाच्या त्वचेवरील कर्करोगाचा संबंध काजळीशी जोडला. पुढे १९१५ मध्ये टोकियोच्या विद्यापीठात यामागिवा आणि इचिकावा यांनी सशांच्या कानांना कित्येक महिने कोळशाचे डांबर चोळून तिथे कर्करोग उत्पन्न करून दाखवला, आणि १९३३ मध्ये लंडनच्या संशोधकांनी डांबरातून बेंझोपायरीन हे कर्करोगकारक रसायन वेगळे केले. इथपर्यंत ‘जनक’ शब्द चालला असता: हा पदार्थ, आणि हा त्याने जन्माला घातलेला रोग.

परंतु बेंझोपायरीन स्वतः डीएनएच्या वाटेला फारसे जात नाही. चरबीत विरघळणारे परके पदार्थ पाण्यात विरघळतील असे करून शरीराबाहेर घालवणे हे सायटोक्रोम पी-४५० गटातील विकरांचे (एन्झाइमांचे) काम आहे. ते काम करतानाच ही विकरे, आणखी एका विकराच्या साहाय्याने, बेंझोपायरीनचे ‘इपॉक्साइड’ या अत्यंत क्रियाशील रूपात रूपांतर करतात, आणि ते इपॉक्साइड डीएनएमधील ग्वानीन या घटकाला जाऊन चिकटते. म्हणजे पोटात किंवा फुप्फुसात गेलेला पदार्थ एक आणि घाव घालणारा दुसरा. शिवाय घाव घालणारा घडवला तो शरीराच्याच सफाईयंत्रणेने. विस्कॉन्सिन विद्यापीठात जेम्स आणि एलिझाबेथ मिलर या दांपत्याने ही ‘चयापचयी सक्रियण’ची कल्पना अनेक वर्षांच्या कामातून पक्की केली. १९४७ मध्ये त्यांनी उंदरांना खाऊ घातलेला एक ॲझो रंग यकृतातील प्रथिनांशी घट्ट जोडला गेल्याचे दाखवले, तिथून या विचाराला दिशा मिळाली.

त्यामुळे आज दोन वेगळ्या संज्ञा लागतात: शरीरात शिरणाऱ्या निष्क्रिय पदार्थासाठी ‘पूर्वकर्करोगकारक’ आणि डीएनएशी प्रत्यक्ष बंध जोडणाऱ्या रूपासाठी ‘अंतिम कर्करोगकारक’. हीच संज्ञा ‘जनक’वरून बनवायला गेलो, तर ‘पूर्वजनक’ वाचून वाचकाला आपले पूर्वज आठवण्याची भीती आहे.

दुसरे मत

वरील विवेचन पटते. पण ‘जनक’ला अगदी निवृत्त करू नये, असे सुचवावेसे वाटते. ‘कारक’ हा व्यापक शब्द ठेवावा आणि त्याच्या पोटात दोन भूमिका वेगळ्या दाखवाव्यात. ऑक्सफर्डमध्ये बेरेनब्लम आणि शुबिक यांनी १९४७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत उंदरांच्या त्वचेवर एक कर्करोगकारक हायड्रोकार्बन एकदाच लावले आणि नंतर त्याच जागी जमालगोट्याचे तेल पुन्हा पुन्हा लावले, तेव्हा गाठी आल्या. एकट्या तेलाने त्या जवळपास येत नाहीत, आणि क्रम उलटा केला तरी येत नाहीत. पहिल्या पदार्थाने पेशीच्या डीएनएमध्ये कायमचा बदल होतो; तेल असा बदल घडवत नाही, ते बदललेल्या पेशींची वाढ चेतवते.

आपल्या तर्कपरंपरेत अशा प्रसंगासाठी ‘सहकारी कारण’ हा शब्द तयार आहे, आणि तो ‘जनक’पेक्षा अधिक काटेकोर आहे. म्हणून पहिल्याला ‘आरंभक’ (जनक म्हणायचेच असेल तर यालाच) आणि दुसऱ्याला ‘प्रवर्धक’ म्हणावे. दुसऱ्यासाठी ‘प्रवर्तक’ हा शब्द काही पाठ्यसाहित्यात दिसतो, तो कटाक्षाने टाळावा, कारण मराठीत चळवळीचा प्रवर्तक म्हणजे ती सुरू करणारा. ज्याचे काम नेमके सुरुवात न करण्याचे आहे, त्याला प्रवर्तक म्हटले की सगळा प्रयोगच उलटा समजतो.

प्रतिसाद

‘आरंभक’ आणि ‘प्रवर्धक’ मान्य. या वाटणीतून आणखी एक गोंधळ सुटतो. ‘उत्परिवर्तक’ (डीएनएमध्ये बदल घडवणारा) आणि ‘कर्करोगकारक’ हे शब्द समानार्थी असल्यासारखे वापरले जातात. बर्कले येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात ब्रूस एम्स यांनी साल्मोनेला जिवाणूंवरील चाचणी विकसित केली. हे जिवाणू हिस्टिडीन हे ॲमिनो आम्ल स्वतः बनवू शकत नाहीत. तपासायच्या रसायनाने उत्परिवर्तन घडवले, की त्यांतल्या काहींना ती क्षमता परत मिळते आणि हिस्टिडीन नसलेल्या माध्यमावर त्यांच्या वसाहती दिसू लागतात. १९७३ मध्ये त्यांनी या चाचणीत यकृताचा अर्कही मिसळला, म्हणजे चयापचयी सक्रियण परीक्षानळीतच होऊ लागले. या चाचणीमुळे ‘कर्करोगकारक म्हणजे उत्परिवर्तक’ हे समीकरण रूढ झाले. पण ॲसबेस्टॉस किंवा इस्ट्रोजेनसारखे कर्करोगकारक या चाचणीत सहसा पकडले जात नाहीत. तेव्हा दोन्ही शब्द स्वतंत्र राहू द्यावेत, आणि डीएनएला इजा करणाऱ्यांसाठी ‘जनुकघाती’ हे विशेषण वापरावे.

‘धोका’ या शब्दाबाबत मात्र माझी खरी तक्रार आहे. फ्रान्समधील लिऑन येथील आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था पदार्थांचे गट पाडते, ते पुराव्याच्या बळकटीनुसार. पदार्थ किती तीव्र आहे यानुसार नव्हे. पहिल्या गटात तंबाखूचा धूर आहे आणि प्रक्रिया केलेले मांसही आहे. याचा अर्थ दोन्हींमुळे कर्करोग होऊ शकतो हे तितक्याच खात्रीने म्हणता येते, इतकाच. दोन्हींची जोखीम सारखी आहे असा अर्थ त्यातून निघत नाही. मराठीत या दोन्ही कल्पनांना ‘धोका’ म्हटले जाते आणि मग ‘मांस सिगारेटइतकेच धोकादायक’ असे मथळे छापून येतात. पदार्थाच्या अंगभूत गुणाला ‘अपायक्षमता’ आणि मात्रा, संपर्क व काळ लक्षात घेऊन काढलेल्या शक्यतेला ‘जोखीम’ म्हणावे. ‘अपायक्षमता’ थोडा जड वाटेल, पण त्याचा अर्थ निसटत नाही.

पुरवणी विचारणा

डीएनएला रसायन चिकटून जे तयार होते, त्या ‘ॲडक्ट’ला काय म्हणावे? ‘संयुग’ म्हटल्यास कोणतेही रासायनिक संयुग असा अर्थ होतो.

उत्तर

‘संयुग’ नकोच. ‘डीएनए-जोड’ असा शब्द सुचतो. पण तो वाचून डीएनएचे दोन तुकडे जोडल्याचा भास होतो, आणि तसे काम करणारी विकरे पेशीत असल्यामुळे घोटाळा वाढेल. माझ्या मते ‘ॲडक्ट’ तसाच ठेवावा आणि पहिल्या वेळी ‘डीएनएला रासायनिक बंधाने चिकटलेला परका रेणू’ अशी फोड द्यावी. वाचकाला तो उदाहरणासह कळणे अधिक महत्त्वाचे. ॲस्परजिलस बुरशीपासून होणारे अफ्लाटॉक्सिन यकृतात इपॉक्साइड बनून ग्वानीनला चिकटते. हा ॲडक्ट दुरुस्त न होता पेशी विभागली, तर ग्वानीनच्या जागी थायमीन हा डीएनएचा दुसरा घटक येऊ शकतो. पेशींच्या बेसुमार वाढीला आळा घालणाऱ्या पी-५३ या जनुकाच्या २४९ व्या संकेतत्रयीतील (कोडॉनमधील) नेमका असा बदल १९९१ मध्ये चीनमधील चिडोंग आणि आफ्रिका खंडाच्या दक्षिण भागातील रुग्णांच्या यकृतकर्करोगात सापडला. जे ॲडक्ट डीएनएपासून सुटतात, त्यांतील अफ्लाटॉक्सिन-ग्वानीन लघवीवाटे बाहेर पडते आणि तिथे मोजता येते; शरीरात काय घडले हे सांगणाऱ्या अशा मोजता येण्याजोग्या खुणेला ‘जैवसूचक’ हा शब्द आता सर्रास वापरात आहे, तो बदलण्याची गरज नाही.