मिशिगनच्या त्या एक लाख मतांच्या नावाने खडे फोडणं आता पुरे

कँटनकर
परवा आमच्या इथल्या, मिशिगनच्या मराठी गटात एका गृहस्थांनी लिहिलं: 'नोव्हेंबरात हॅरिस मिशिगनमध्ये ८० हजारांनी पडल्या. फेब्रुवारीच्या प्रायमरीत अनकमिटेडवाले एक लाख होते. करा गणित. ट्रम्पना यांनीच आणलं.' खाली अंगठ्यांची रांग. तिथे दोन ओळी लिहिल्या तर 'ताई-दादा, राजकारण नको' असा दम मिळाला. मूळ पोस्ट काय भजनाची होती? म्हणून इथे लांबण लावतो.

२७ फेब्रुवारी २०२४, डेमोक्रॅटिक प्रायमरी, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवायची निवडणूक. बायडन ८१ टक्के, सव्वासहा लाख मतं. अनकमिटेड, म्हणजे मतपत्रिकेवरचा 'यातल्या कोणालाच बांधील नाही' हा पर्याय, १३ टक्के, १ लाख १ हजार ६०० च्या वर. मोहीम जेमतेम तीन आठवड्यांची आणि मागणी एकच, गाझात युद्धबंदी. लक्ष्य किती ठेवलं होतं? १० हजार. कारण २०१६ ला ट्रम्प इथे १०,७०४ मतांनीच जिंकले होते. दहापट मतं पडली, तीही निवडणुकीच्या आठ महिने आधी. याला घात म्हणतात? आमच्याकडे याला आधी सांगून ठेवणं म्हणतात.

घरातलं भांडण घरात करायची जागा म्हणजे प्रायमरी. पण विद्यमान अध्यक्ष पुन्हा उभा राहिला की पक्ष त्या खोलीलाच कुलूप घालतो. फ्लोरिडात पक्षाने बायडन यांचं एकच नाव पाठवलं, प्रायमरीच रद्द. त्याच पक्षाचे खासदार डीन फिलिप्स 'वय झालंय, दुसरं कोणी द्या' सांगत फिरले तर त्यांची टिंगल. मिशिगनात ते मेरियन विल्यमसन यांच्याही मागे, आणि त्या बाईंनी तर तोवर मोहीम थांबवली होती! पुढे २१ जुलैला बायडन यांनीच माघार घेतली, ते सगळ्यांनी पाहिलं.

त्या दिवशी मी केंद्रावर कामाला होतो. इथे पक्षाची नोंदणी नसते, पण कुठल्या पक्षाची मतपत्रिका हवी ते अर्जावर लिहून द्यावं लागतं. एका आजोबांनी विचारलं, 'मला आमचाच माणूस हवाय, पण असा नकोय. ते कुठे लिहू?' मला बोलायची मुभा नव्हती. मतपत्रिका नीट वाचा, एवढंच म्हणालो. त्या आजोबांना तुम्ही ट्रम्पचा हस्तक म्हणताय.

ट्रॉयवाला
तुमचे आजोबा गोड आहेत, पण इतिहास आजोबांवर चालत नाही. १९६८ : न्यू हॅम्पशायरच्या प्रायमरीत मॅकार्थी ४२ टक्के, अध्यक्ष जॉन्सन ४९. जॉन्सन जिंकूनही ३१ मार्चला बाजूला झाले, नोव्हेंबरात निक्सन. १९७६ : रेगन यांनी अध्यक्ष फोर्डना पक्षाच्या अधिवेशनापर्यंत झुंजवलं, फोर्ड गेले. १९८० : टेड केनेडी विरुद्ध अध्यक्ष कार्टर, कार्टर गेले. १९९२ : ब्यूकॅनन यांनी न्यू हॅम्पशायरला ३७ टक्के घेतले, थोरले बुश गेले. प्रत्येक वेळी घरातल्यांनीच आधी पाय ओढला. अजून किती पुरावे हवेत?

पेठेतला
पुरावे चारही छान. फक्त कोंबडं आरवलं म्हणून तांबडं फुटलं, असं तुम्ही सांगताय. फोर्ड यांनी निक्सनना माफी दिली होती. कार्टरांच्या मानगुटीवर महागाई आणि तेहरानचे ओलीस. जॉन्सनच्या काळात व्हिएतनाम. माणूस आधीच गोत्यात असतो, म्हणून घरातला उभा राहतो. ओबामांविरुद्ध २०१२ ला याच मिशिगनात १० टक्क्यांवर अनकमिटेड होतं. पडले का?

ट्रॉयवाला
२०१२ ला डेमोक्रॅटिक प्रायमरीत सगळे मिळून दोन लाखही लोक आले नव्हते. त्यातले १० टक्के म्हणजे २० हजार. इथे एक लाख! टक्के फेकताना खालचा आकडाही बघावा. पुण्यात बसून मिशिगन शिकवणाऱ्यांची हौस दांडगी.

पेठेतला
एक लाख हे तुम्हीच मागे एकदा 'मूठभर अतिरेकी' म्हणून उडवलेले ना? आधी ठरवा, मूठभर की एक लाख. मग पुण्यावर घसरा.

रांगेतला
तुमचं चालू द्या. मी २००९ पासून इथे टॅक्स भरतोय. मला ना प्रायमरी ना नोव्हेंबर. पोरगी इथे जन्मली, दोन वर्षांत मत देईल आणि बाप ग्रीन कार्डच्या रांगेत. अनकमिटेड म्हणून गोल काळा करायला मिळणं हीसुद्धा चैन आहे, एवढं ध्यानात असू द्या.

लातूरचा पोऱ्या
अहो, हे अनकमिटेड म्हणजे आपलं नोटाच की. आमच्या लातूर ग्रामीणला २०१९ ला नोटा दुसऱ्या नंबरावर होतं! धीरज देशमुख १ लाख ३५ हजार, नोटा साडेसत्तावीस हजार, शिवसेना त्याच्याही खाली. जगात कुठं झालंय का असं?

ट्रॉयवाला
आणि त्याने काय झालं? शून्य. नोटाला सगळ्यात जास्त मतं पडली तरी विधानसभेला खालचा उमेदवार जिंकतो.

लातूरचा पोऱ्या
शून्य कसं? युतीनं जागा सेनेला सोडली, भाजपचे पोरं चिडले, बटण दाबून दाखवलं. माझ्या आत्याच्या गावात, रेणापूर तालुक्यात, लोक मोटरसायकलवर फिरून सांगत होते, शेवटचं बटण दाबा. वर कळलं की नाही?

कँटनकर
वर कळून पुढे काय, हाच तर फरक आहे. इथे अनकमिटेडला डेलिगेट, म्हणजे पक्षाच्या अधिवेशनात उमेदवार ठरवणारे प्रतिनिधी, मिळतात. अमेरिकी काँग्रेसच्या, म्हणजे संसदेच्या, मतदारसंघात १५ टक्के ओलांडले की माणूस अधिवेशनात जाऊन बसतो. मिशिगनच्या ११७ पैकी २ मिळाले, मिनेसोटात ११. नोटाला खुर्ची कुठे आहे?

पेठेतला
विधानसभेला नाही. पण २०१८ ला आपल्या राज्य निवडणूक आयोगाने स्थानिक स्वराज्य संस्थांसाठी काढलेला आदेश वाचा, नोटाला सर्वाधिक मतं पडली तर फेरनिवडणूक. कागदावर तरी दात आहेत.

ट्रॉयवाला
कागदावरच. इंदूरला २०२४ ला काँग्रेसच्या उमेदवाराने ऐनवेळी अर्ज मागे घेतला. नोटाला २ लाख १८ हजार पडली आणि भाजपचे लालवानी तरीही ११ लाखांवर फरकाने खासदार. हेच होतं. नाक मुरडून कोणी हरत नाही आणि कोणी सुधारत नाही.

लातूरचा पोऱ्या
इंदूर वेगळं, लातूर वेगळं. तिकडं बसून आमची मापं काढू नका. तुम्ही शेवटचं मत कधी दिलं इकडं?

ट्रॉयवाला
१९९९. औशाजवळ. शाळेच्या व्हरांड्यात तीन तास उभा होतो, बोटाची शाई आठवडाभर गेली नव्हती. त्यामुळे लातूर मला शिकवू नकोस, बाळा.

लातूरचा पोऱ्या
बाळा नका म्हणू. मला दोन पोरं आहेत.

नोवीची मावशी
अरे, मूळ विषय मिशिगन होता. सगळे मिळून रेणापुरात का जाऊन बसलात?

माझा मुद्दा वेगळा आहे. आपल्या बेळगावकडचे श्री ठाणेदार २०१८ ला गव्हर्नरपदाच्या प्रायमरीत तिसरे आले. तोच माणूस २०२२ ला डेट्रॉईटच्या प्रायमरीत नऊ जणांच्या गर्दीतून २८ टक्क्यांवर पुढे आला आणि वॉशिंग्टनला गेला. तेव्हा आपण सगळ्यांनी पेढे वाटले, ट्रॉयवाले तुम्हीसुद्धा. म्हणजे मैदान उघडं असलं की आपल्याला आवडतं. वर अध्यक्ष बसला की मात्र 'आता गप्प बसा'?

आणि ते ८० हजारांचं गणित. डिअरबॉर्नला फेब्रुवारीत अनकमिटेड ५७ टक्के होतं. नोव्हेंबरात तिथे ट्रम्प पहिले, हॅरिस दुसऱ्या, ग्रीन पक्षाच्या जिल स्टाइनना १८ टक्के. वाईट झालं, कबूल. पण एकट्या डिअरबॉर्नच्या घसरणीने ८० हजार भरत नाहीत. माझी शेजारीण ऑटो कारखान्यातून निवृत्त झाली, गाझा नकाशावर दाखवता येणार नाही तिला. तिने अंड्यांच्या भावावर मत दिलं. फेब्रुवारीत ती घराबाहेरही पडली नव्हती.

ट्रॉयवाला
अंड्यांचं मान्य. पण मावशी, डिअरबॉर्न एक, दुसरीकडे थोडं, तिसरीकडे थोडं, असं करतच ८० हजार होतात. विद्यापीठाच्या गावात माझा मुलगा आहे, अॅन आर्बरला. फेब्रुवारीत अनकमिटेड, नोव्हेंबरात घरी झोपला. सांगून सांगून थकलो. 'बाबा, मी तेव्हाच सांगितलं होतं, कोणी ऐकलं नाही,' म्हणाला. तेव्हापासून दिवाळीच्या फोनवरसुद्धा आम्ही हवामानावर बोलतो.

कँटनकर
हे आधीच लिहिलं असतंत तर मी एवढा चढलो नसतो.

तरी विचारतो. फेब्रुवारीत त्याचं ऐकलं असतं तर तो नोव्हेंबरात झोपला असता का?

ट्रॉयवाला
माहीत नाही. आणि प्रायमरी उघडी असती तर बायडन आधीच बाजूला होऊन जिंकणारा कोणी मिळाला असता, हे तुम्हाला तरी कुठे माहीत आहे? तरी चला, लिहून घ्या आणि फ्रेम करा : एक लाखांनी घात केला हे माझं म्हणणं मी सत्तर हजारांवर आणतो. फिलिप्सना हसणाऱ्यांत मीही होतो, त्याचे तीस हजार माझ्या नावावर टाका.

पेठेतला
घासाघीस करून भाजी घेतात तशी ऐतिहासिक जबाबदारी घेतलेली प्रथमच पाहिली.

लातूरचा पोऱ्या
ते असू द्या. औशाजवळ म्हणजे नक्की कोणतं गाव तुमचं?