विषय: वास्तुशांत आणि छतातले स्प्रिंकलर – शनिवारच्या आत उत्तर हवंय

नमस्कार मंडळी,
शनिवारी मेरीलँडमधल्या क्लार्क्सबर्गच्या नव्या घराची वास्तुशांत. गुरुजी म्हणतात होम हॉलमध्येच, आणि नेमकी तिथेच वर छतात स्प्रिंकलरची, म्हणजे आग लागली की आपोआप पाणी फवारणाऱ्या यंत्रणेची, पांढरी चकती आहे. बिल्डरच्या माणसाला विचारलं तर तो नुसता हसला. सासूबाई खास पुण्याहून आल्यात, त्यामुळे होम रद्द हा विषयच काढू नका. निखिलकडे झालं तसं नकोय. आणि मंडळाचं तांब्याचं हवनकुंड सध्या कोणाकडे आहे?
मृणाल

---

निखिलकडे स्मोक अलार्म वाजला होता गं, स्प्रिंकलर नाही! सोपा उपाय सांगतो, बेसमेंटमध्ये स्प्रिंकलरचा व्हॉल्व्ह असतो तो सकाळी बंद करायचा, संध्याकाळी उघडायचा, कोणाला कळतसुद्धा नाही.
सुहास

---

सुहास, असले सल्ले लिस्टवर देऊ नकोस रे. ज्या दिवशी घरात मुद्दाम आग पेटवणार आणि पन्नास माणसं जमवणार त्याच दिवशी पाणी बंद? आणि संध्याकाळी दमूनभागून व्हॉल्व्ह उघडायची आठवण कोणाला राहते!

मृणाल, मी प्लॅन रिव्ह्यूमध्ये, म्हणजे घरांचे नकाशे तपासताना, हेच बघते रोज. स्प्रिंकलरला धूर कळत नाही, त्याला लागते उष्णता. चकतीच्या आत जे हेड असतं ते घरांमध्ये साधारण 155 फॅरनहाइटला, म्हणजे 68 सेल्सिअसला उघडतं, आणि ज्याला झळ लागली तेवढं एकच, सिनेमात दाखवतात तसे सगळे एकदम नाही. चार समिधांच्या होमाने नऊ फुटांवरचं छत एवढं तापत नाही. पण गुरुजींनी पळीने तूप सोडलं की ज्वाळा कशी वर येते माहितीये ना, म्हणून कुंड बरोबर चकतीखाली ठेवू नकोस, चांगलं लांब सरकव, छोटं कुंड घे, नाहीतर सरळ डेकखाली पॅटिओवर कर. गॅरेजमध्ये करायचं म्हणशील तर तिथे 13डी मध्ये, म्हणजे घरांच्या स्प्रिंकलरच्या मानकात, सक्ती नसते पण काउंट्या आपापले नियम लावतात, म्हणून आधी मान वर करून बघ. अलार्म मॉनिटरिंगचा असेल तर कंपनीला सकाळीच फोन करून टेस्टवर टाकायला सांग, नाहीतर पूर्णाहुतीला बंब दारात. चकतीवर प्लास्टिक बांधायचं नाही, तोरण लावायचं नाही, रंग तर अजिबात नाही.
दीपाली

---

रंगावरून आठवलं. आमच्या पेंटरने छताबरोबर सगळ्या चकत्याही रंगवल्या, कडेच्या फटीसकट. दिसायला छान. नंतर कळलं की रंगाने चिकटली तर ती वेळेला गळून पडत नाही, आणि रंग खरवडून चालत नाही, नवीनच बसवाव्या लागतात. वेगळं बिल.
मेधा

---

मुळात नव्या घरांना स्प्रिंकलरची ही सक्तीच कशाला? नदी ओलांडून व्हर्जिनियात गेलं की नव्या घरांना राज्याची सक्ती नाही, तिथले लोक काय रोज जळतायत का? बिल्डर आपल्याकडूनच काढतो सगळं. स्मोक अलार्म पुरेसा आहे, माझं जुनं घर आहे आणि काही झालेलं नाही.
सुहास

---

मी टेक्सासला आलो तरी लिस्टवर आहे, कोणी काढू नका. इकडे तर शहरांनी एक-दोन कुटुंबांच्या नव्या घरांना सक्ती करायचीच नाही असा राज्याचा कायदा आहे. पण सुहास, जुन्या घरात जाड लाकडी तुळया असतात. नव्यात पातळ आय-जॉइस्ट, म्हणजे इंग्रजी I च्या आकाराच्या हलक्या तुळया, आणि सोफे सगळे फोमचे, ते भराभर पेटतात. अलार्म जागं करतो, विझवत नाही. आई-बाबा जिन्यावरून किती वेळात उतरतात ते एकदा बघ. खर्चाचं म्हणशील तर 2013 च्या अभ्यासात सरासरी चौरस फुटाला 1.35 डॉलर होती, आता वाढली असणार, तरी ग्रॅनाइटच्या अपग्रेडला कोणी कुरकुरत नाही.
प्रसाद

---

ग्रॅनाइट दिसतो तरी.
सुहास

---

आणि इथे हे नवीन नाही. शेजारच्या प्रिन्स जॉर्जेस काउंटीत ही सक्ती 1992 पासून आहे.
दीपाली

---

सगळ्यांना विनंती, लग्नाला हॉटेलात गेलात की भिंतीतल्या स्प्रिंकलरला हँगर अडकवू नका. माझ्या भाचीने पैठणी लटकवली, काचेची लाल नळी फुटली, आणि पाणी म्हणजे काळंकुट्ट, तेलकट, गंजाचा वास. पैठणी गेली, गालिचा गेला, वरून हॉटेलने बिल लावलं.
नलूमावशी

---

मावशी, सॉरी पण ही लिस्ट कार्यक्रमांसाठी आहे, घरबांधणीसाठी वेगळा ग्रुप काढलाय तो कोणी वापरतच नाही. हवनकुंड मंडळाची मालमत्ता आहे, परस्पर कोणी कोणाला देऊ नये, वहीत नोंद करून न्यावं ही कमिटीची सूचना आहे.
शशांक (सचिव)

---

वही कुठे आहे?
मृणाल

---

कुंड निखिलकडे आहे, गेल्या वर्षीपासून. घासून घे, आत राख तशीच आहे.
मेधा

---

सासूबाईंना दीपालीचं पत्र वाचून दाखवलं. पॅटिओवर चालेल म्हणाल्या, फक्त पाऊस आला तर काय ते विचारतायत. कोणाकडे कॅनोपी आहे का? दहा बाय दहाची चालेल. निखिल, उद्या सातला येते कुंड घ्यायला.
मृणाल

---

कॅनोपी माझ्याकडे आहे, पण होमावर कापड घेऊ नकोस बाई, तूप ओतलं की पेटेल ते. पावसाचा रंग दिसला तर माणसांवर घे, कुंड बाहेर.
दीपाली