शेक्सपिअर आधी कंपनीचा भागीदार, मग कवी!

तिसरी घंटा:
शेक्सपिअरचं नाव निघालं की आपल्याकडे लगेच हात जोडले जातात. प्रतिभा, दैवी देणगी वगैरे. माझं म्हणणं रोखठोक आहे: १५९४ साली लॉर्ड चेंबरलेनची नाटकमंडळी उभी राहिली नसती आणि हा गडी तिच्यात भागीदार नसता, तर आज तो 'व्हीनस अँड अडोनिस' हे काव्य लिहिणारा एक बरा कवी म्हणून उरला असता. तोही प्राध्यापकांपुरता.

तेव्हा लंडनमध्ये नाटक लिहिणं हे उक्तं काम होतं. हेन्स्लो या थिएटरमालकाच्या हिशेबाच्या वहीत एका नाटकाला साधारण सहा पौंड दिल्याच्या नोंदी आहेत. पैसे हातावर पडले की संहिता मंडळीची. शेक्सपिअर यातून सुटला, कारण तो नटही होता आणि भागीदारही. १५९९ मध्ये मंडळीचं ग्लोब नाट्यगृह उभं राहिलं तेव्हा त्याच्या मालकीतही त्याचा दहावा हिस्सा होता. त्यामुळे कोणासाठी लिहितोय हे त्याला पक्कं ठाऊक असायचं. 'रोमिओ अँड ज्युलिएट'च्या १५९९ च्या छापील प्रतीत पीटर या नोकराच्या एका प्रवेशाला पात्राचं नावच नाही, चक्क 'विल केम्प येतो' असं छापलंय! केम्प म्हणजे मंडळीतला हुकमी विनोदी नट. पुढे तो बाहेर पडला, त्याच्या जागी आर्मिन हा दुसरा विनोदी नट आला, आणि विदूषकांचा धांगडधिंगा कमी होऊन जीभ धारदार झाली. 'ट्वेल्फ्थ नाइट'मधला फेस्टी बघा, 'किंग लिअर'मधला विदूषक बघा. हॅम्लेटची भूमिकाही मंडळीतला मुख्य नट बर्बेज याच्या मापाने बेतलेली.

पिटातला प्रेक्षक:
तुमचा केम्प मान्य. पण हॅम्लेटचं काय करता? जवळजवळ चार हजार ओळी. नाटक दुपारी, उघड्या आभाळाखाली, पिटात एक पेनी देऊन उभे राहिलेले लोक. 'रोमिओ'च्या सुरुवातीलाच प्रयोग दोन तासांचा म्हटलंय. चार हजार ओळी दोन तासांत कोण म्हणणार? नुसता मंडळीचा माणूस असता तर निम्म्यावर थांबला असता. आणि भूमिका बर्बेजच्या मापाने बेतली होती म्हणता, मग गणपतराव जोशींनी शाहूनगरवासी मंडळीत आगरकरांच्या 'विकारविलसित'मधून तोच हॅम्लेट गाजवला तो कसा?

चौकस:
मुळात त्यानेच लिहिलं याला पुरावा काय? हातमोजे करणाऱ्याचा पोरगा, विद्यापीठाचं तोंड पाहिलेलं नाही. खरा लेखक म्हणून ऑक्सफर्डचा अर्ल, त्या काळचा एक सरदार, जास्त पटतो.

जुनी वही:
अर्ल १६०४ मध्ये वारला. 'मॅकबेथ', 'टेम्पेस्ट' त्यानंतरची. पुढे चला.

तिसरी घंटा यांच्या बाजूने एक भर. लंडनच्या शोरडिच भागातल्या 'द थिएटर' या मंडळीच्या जुन्या नाट्यगृहाच्या जागेचा भाडेपट्टा संपला, जागामालक इमारतही सोडेना. १५९८ च्या डिसेंबरअखेर, ऐन थंडीत, नट बर्बेज आणि त्याचा भाऊ सुतार घेऊन गेले आणि अख्खं नाट्यगृह उतरवलं! तीच लाकडं थेम्सपलीकडे नेऊन ग्लोब बांधलं. मालक कोर्टात गेला, पण लाकडं काही परत मिळाली नाहीत. ज्या मंडळीत असली धमक, तिच्यात लेखक निर्धास्त लिहिणारच.

रसिका:
धमक वगैरे ठीक. पण त्याच काळातला नाटककार बेन जॉन्सन याचं 'एव्हरी मॅन इन हिज ह्यूमर' १५९८ मध्ये याच मंडळीने केलं, त्यात शेक्सपिअर स्वतः नट होता. नट तेच, प्रेक्षक तेच. मग जॉन्सन आज तुमच्या गावात कोण करतं? भट्टी सगळ्यांना एकच होती, भांडं एकाचंच असं निघालं. याला प्रतिभाच म्हणतात हो, दुसरा शब्द असेल तर सांगा.

तिसरी घंटा:
प्रतिभा नाकारत नाहीये. पण ती टिकली कोणामुळे? जॉन्सनने १६१६ मध्ये आपला ग्रंथ स्वतः छापून घेतला. शेक्सपिअर त्याच वर्षी गेला, नाटकांची व्यवस्था न लावता. मृत्युपत्रात मंडळीतल्या तिघांना, बर्बेज, हेमिंग्ज आणि काँडेल यांना, आठवणीच्या अंगठ्यांसाठी प्रत्येकी २६ शिलिंग ८ पेन्स ठेवले. त्यातल्या हेमिंग्ज आणि काँडेल या दोन नटांनी १६२३ मध्ये ३६ नाटकं एकत्र छापली. निम्मी त्याआधी कधी छापलीच नव्हती. 'मॅकबेथ' आणि 'ट्वेल्फ्थ नाइट' त्यातलीच. मंडळी नसती तर ती गेलीच होती.

रसिका:
अहो, त्याच मंडळीकडे इतर लेखकांच्याही संहिता होत्या की. त्यांचे ग्रंथ का नाही काढले हेमिंग्ज-काँडेलनी?