‘आधी आवड शोधा, मग नोकरी’: हा सल्ला नक्की कोणासाठी?

चाकणवाला
परवाच्या ‘नोकरीआधी स्वतःला ओळखा’ या पोस्टवर सगळ्यांनी वाहवा केली. आवड सापडेपर्यंत मिळेल ती नोकरी धरू नका, सीव्ही एका पानाचा ठेवा, रिकामी वर्षं त्यात दिसू देऊ नका, असं त्यात होतं. मला राहवलं नाही.

मी अठरा वर्षं वाहनांच्या सुट्या भागांच्या कारखान्यात आहे. डिप्लोमा झाला तेव्हा मला डिझाइनमध्येच जायचं होतं. लागलो क्वालिटीत, म्हणजे तयार माल तपासायला. सहा महिने रोज नोकरी सोडायचे विचार. मग एका लॉटमध्ये बोअर, म्हणजे भागातलं गोल भोक, मोठा यायला लागला आणि सगळे ऑपरेटरला बोल लावत होते. मी तीन दिवस मशीनजवळ उभा राहून दर अर्ध्या तासाला माप घेतलं. मशीन तापलं की माप सरकत होतं, पोराची काही चूक नव्हती. हे काम आपलं आहे, हे मला तेव्हा कळलं. घरी बसून कसं कळलं असतं?

आता मुलाखती घेतो. पोरं झेरॉक्सच्या दुकानातला तयार बायोडेटा आणतात. त्यात वडिलांचं नाव, धर्म, विवाहित की अविवाहित, छंद क्रिकेट, आणि शेवटी ‘वरील माहिती खरी आहे’. कोणतं मशीन चालवलं, तेवढंच नसतं! ‘व्हीएमसीवर सेटिंग करतो, ड्रॉइंग वाचतो, बोअर गेज वापरतो’ एवढ्या दोन ओळी वाचल्या तरी मी त्याला बोलावतो. (व्हीएमसी म्हणजे संगणकावर चालणारं धातू कापायचं मशीन, बोअर गेज म्हणजे भोक मोजायचं साधन.)

मृण्मयी_कोथरूड
ती पोस्ट माझी. माझ्या भावाने ‘मिळेल ती’ धरली होती. चार वर्षं कॉल सेंटरची रात्रपाळी. झोप गेली, पित्त मागे लागलं, आणि पुढे अकाउंट्समध्ये जायचं म्हटलं तर ‘तुमचा अनुभव कॉलचाच आहे’ म्हणून परत पाठवलं. तुम्हाला क्वालिटी लाभली, हे तुमचं नशीब. नशिबाचा नियम करू नका.

सोलापूरकर
मॅडम, थांबायला घरात कोणीतरी कमावतं लागतं. आमच्याकडे बारावीनंतरच विचारतात, कधी लागतोस कामाला?

अभ्यासिका_९२
‘रिकामी वर्षं दिसू देऊ नका’ हे वाचून मला काल झोप लागली नाही. मी सदाशिव पेठेत पाच वर्षं एमपीएससी केली. रिकामी? २०२० ची राज्यसेवा पूर्व एप्रिलमध्ये व्हायची होती, ती पुढे पुढे ढकलत २१ मार्च २०२१ ला झाली. त्याआधी १४ मार्चची तारीखही ऐन वेळी रद्द झाली, तेव्हा आम्ही नव्या पेठेत रस्त्यावर बसलो होतो. खोलीभाडं, मेस आणि अभ्यासिकेची फी त्या वर्षीही दर महिन्याला गेलीच. त्याचा जाब आम्ही सीव्हीत द्यायचा?

निशा_नाशिक
जाब कोणी मागत नाही. पण पाच वर्षांत एखादं अर्धवेळ काम करता आलं नसतं? मी दुकान सांभाळून बी.कॉम. केलं.

अभ्यासिका_९२
ताई, पहाटे सहाला जागा धरून रात्री अकराला उठणाऱ्याला हे विचारू नका. २०२३ च्या तलाठी भरतीत साडेचार हजारांच्या आसपास जागांना दहा लाखांवर अर्ज आले, खुल्या गटाची फी १००० रुपये. एवढी पोरं आळशी असतात का?

निशा_नाशिक
आळशी म्हटलेलंच नाही! शब्द माझ्या तोंडी घालू नका. ज्या घरात जमीन विकून पैसे पाठवतात त्या घराचं काय, एवढंच मला म्हणायचंय. माझ्या मामेभावाचा प्लॉट असाच गेला. तो अजून पुण्यातच आहे.

अभ्यासिका_९२
माझ्या घरची जमीन गेली नाही, पण बहिणीचं लग्न दोन वर्षं लांबलं. ते मला माहीत आहे. इथे चारचौघांत ऐकायची गरज नव्हती.

चाकणवाला
दोघंही जरा थांबा. माझ्याकडे गेल्या वर्षी असाच मुलगा आला. बीई मेकॅनिकल, मग चार वर्षं कोरी. विचारलं तर मान खाली घालून म्हणाला, ‘घरगुती अडचण.’ खोदून विचारल्यावर एमपीएससी निघाली, दोनदा मुख्य परीक्षेपर्यंत गेलेला. माझा राग त्या लपवण्यावर होता. ‘स्पर्धा परीक्षा, दोनदा मुख्य परीक्षेपर्यंत’ असं आधीच लिहिलं असतं तर मी त्याला वाचन किती, कामगार कायदे येतात का, हे विचारलं असतं. घेतला त्याला, स्टोअर्समध्ये. म्हणून म्हणतो, मृण्मयीताई, वर्षं लपवायचा तुमचा सल्ला घातक आहे.

मृण्मयी_कोथरूड
तुम्ही घेतलंत. माझ्या मैत्रिणीने बाळंतपणानंतरची तीन वर्षं प्रामाणिकपणे लिहिली. चार ठिकाणी पहिला प्रश्न, ‘मुलाला कोण बघतं?’ पाचव्या ठिकाणी तिने तो काळ गाळला आणि कामावर बोलायची संधी मिळाली. खरं लिहिण्याची किंमत सगळ्यांना सारखी पडत नाही.

चाकणवाला
हा प्रश्न आमच्याकडेही विचारला जातो. मी विचारत नाही, पण शेजारी बसलेल्याला कधी अडवलंही नाही. इथे तुमचं मान्य करावं लागतंय. ‘आवड सापडेपर्यंत थांबा’ मात्र नाही.

मृण्मयी_कोथरूड
‘मिळेल ती धरू नका’ याऐवजी ‘धरलीत तर किती दिवस, ते आधी ठरवा’ असं लिहायला हवं होतं. भावाने तेच ठरवलं नव्हतं. पोस्ट मी काढणार नाही, ही ओळ तेवढी बदलते.

अभ्यासिका_९२
चाकणवाले दादा, बी.एस्सी. फिजिक्स, मुख्य परीक्षा एकदा, संगणक टायपिंग मराठी ३०. कारखान्याचा अनुभव शून्य. काय लिहू?

चाकणवाला
बारावीनंतर सुट्टीत, घरी, शेतात, दुकानात हाताने काय काय केलं ते आधी इथे लिही. अभ्यासिकेचा हिशेब ठेवत होतास का? मेसचा?

अभ्यासिका_९२
मेसचा ठेवत होतो. चाळीस पोरांचा, दोन वर्षं.

चाकणवाला
मग तिथून सुरू कर.